बदली इंजिन, कायम नंबर

आमच्या नात्यागोत्यात मला गाडीची गोष्ट सांगणारी म्हणून मान आहे. बारसं असो, साखरपुडा असो, पंगती उठल्या की कोणीतरी म्हणतंच, "ताई, ती आप्पांची गाडीवाली होऊन जाऊ दे." मग मी पदर खोचून उभी राहते. आप्पांचा आवाज काढते, विमा कचेरीतल्या साहेबांचा काढते. अलीकडे माझं पोट सुटल्यापासून साहेब जास्त हुबेहूब होतात, असं घरचे म्हणतात. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. मीही हसते. पण मी गोष्ट जिथे संपवते तिथे ती संपली नव्हती, हे ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक असतं. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. पोटभर जेवलेल्या माणसांपुढे काढा ठेवायचा नसतो, एवढी रीत मलाही कळते.

लिहिताना समोर पंगत नाही. म्हणून सगळी लिहिते.

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आले, थोडे दिवस टेम्पो चालवला आणि मग पॉवरलूममध्ये शिरले ते शिरलेच. आम्ही राहायचो गोडादऱ्याला, त्यांची शेड कडोदऱ्याच्या रस्त्याला. आधी ते लूम चालवायचे, पुढे बिघडलेले लूम दुरुस्त करू लागले. त्या कामाच्या माणसाला शेडमध्ये मास्तर म्हणतात. "माझे वडील मास्तर आहेत," असं मी शाळेत सांगायचे. बाई खूश होऊन मला पुढच्या बाकावर बसवायच्या. मी बसायचे. कुठल्या इयत्तेला शिकवतात, असं त्यांनी कधी विचारलं नाही, हे माझं नशीब.

शेडमध्ये बसायची सोय नसते. एक स्टूल असतं, पण ते शेठ आले तर शेठसाठी. आख्खी पाळी उभं राहून राहून आप्पांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्या होत्या, निळ्या गाठी झाल्या होत्या. घरी आले की ते उताणे पडून पाय भिंतीला टेकवायचे आणि त्याच अवस्थेत चहा मागायचे. "तो आता वाहणार कुठून कुठे?" आई विचारायची. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि सांगितलं, उभ्याचं काम सोडा, नाहीतर पाय तुम्हाला सोडतील.

मराठीत बसून खाणं ही शिवी आहे. आप्पांची ती महत्त्वाकांक्षा होती. "माले आते बठीसन खावानं शे," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आम्ही घरात अहिराणी बोलायचो. मला आता बसून खायचंय, एवढाच त्याचा अर्थ. आई म्हणायची, "हे असं छाती पुढे काढून सांगणारा जगातला पहिला माणूस माझ्याच कपाळी यावा?"

बसून करायचं आणि आप्पांना येत असलेलं काम एकच, गाडी चालवणं. म्हणून त्यांनी टॅक्सी पासिंगची एक जुनी अ‍ॅम्बेसिडर घेतली. आईच्या हातातल्या पाटल्या तेव्हा गेल्या. ती गोष्ट सांगायची आईला फार आवड, म्हणून मी ती तिच्यासाठी सोडते. गाडी दिसायला भारदस्त होती. शेडची मास्तरकी अजून सोडली नव्हती; सुट्टी काढून आप्पा सुरतेतल्या खानदेशी मंडळींना लग्नाला, दहाव्याला नवापूर-नंदुरबारकडे घेऊन जायचे. गाडीत शेवटी चढणारा माणूस दार आतून ओढून धरायचा आणि तसंच धरून घाट उतरायचा. पण गाडी पेट्रोलवर चालायची, आणि पेट्रोल ती अशी प्यायची की आम्ही भाड्याने गाडी देतोय की गाडीने आम्हाला कामाला ठेवलंय, हे कळेनासं झालं.

त्या वर्षांत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच उपाय होता. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि डिझेलचं बसवायचं. मोडीत निघालेल्या मेटाडोरची इंजिनं भंगार बाजारात मिळायची आणि ती अ‍ॅम्बेसिडरच्या पोटात बसवून देणारे मिस्त्री लिंबायतमध्ये गल्लोगल्ली होते. आप्पांनी तसंच केलं. गाडी काही महिने गॅरेजमध्येच पडून राहिली, कारण इंजिन बसायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ इंजिन घ्यायला लागला. त्या काळात जुना विमा संपून गेला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

लूमच्या शेडमध्ये प्रत्येक लूमला नंबर असतो. तो लूमवर नसतो, जागेला असतो. भिंतीवर किंवा खांबावर रंगवलेला. शेडमधला सतरा नंबरचा लूम आप्पांच्या देखत कितीदा तरी बदलला. जुना तोडून भंगारात गेला, त्या जागी दुसरा आला, तोही गेला. पण जो येईल तो सतरा नंबरच. कापड त्याच नंबरवर मोजलं जायचं, कामगाराची मजुरी त्याच नंबरवर निघायची. माणसांचंही तेच. आप्पा गावी गेले की त्यांच्या जागी बदली उभा राहायचा. काम बदली करायचा, हजेरी आप्पांच्या नावाची लागायची, आणि आप्पा परत आल्यावर दोघं आपसात हिशेब करून चहा प्यायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बदली येतो-जातो, नंबर कायम असतो. अशाच नियमाने आप्पांनी आयुष्य काढलं होतं.

अ‍ॅम्बेसिडरच्या जुन्या इंजिनच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पट्टी रिबिटांनी ठोकलेली होती आणि तिच्यावर इंजिनचा नंबर होता. गाडीच्या पुस्तकात, म्हणजे आरसी बुकात, तोच नंबर. जुनं इंजिन भंगारवाल्याकडे निघालं तेव्हा आप्पांनी ती पट्टी हलक्या हाताने सोडवली, रॉकेलने पुसली, आणि नव्या इंजिनवर चार स्क्रूंनी बसवली. लपूनछपून नाही. भर दुपारी, गॅरेजच्या दारात, मी आणि आई डबा घेऊन गेलो होतो तेव्हा. आईने पट्टीला हळदकुंकूसुद्धा लावलं.

"हे कशासाठी?" मी विचारलं. मी तेव्हा कॉमर्सला होते आणि मला सगळ्यातलं सगळं विचारायची खोड होती.

"पुस्तकात हाच नंबर शे ना? मग गाडीतही हाच पाहिजे. कागद एक सांगेल आणि गाडी दुसरं सांगेल, ते बरं दिसत नाही."

कॉमर्सच्या विद्यार्थिनीला ते पटलं. कागद आणि माल यांचा मेळ बसला पाहिजे, असं आम्हाला कॉलेजातही शिकवत होते.

मिस्त्री तोंडात मावा धरून बघत होता.  त्या दिवसापासून तो आप्पांना 'काका' सोडून 'शेठ' म्हणायला लागला. आम्हाला वाटलं, कामातली सफाई बघून. खरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. तो आम्हाला चोरीच्या गाड्यांच्या धंद्यातली मुरलेली मंडळी समजला होता, आणि अशा माणसांशी अदबीने वागावं, असा त्याचा हिशेब होता. घरच्या बाईला आणि कॉलेजातल्या पोरीला सोबत घेऊन, हळदकुंकू लावून काम करणारी टोळी त्यानेही पहिल्यांदाच पाहिली असणार.

डिझेलवर गाडी छान चालू लागली. छान म्हणजे आत बसलेल्याचे दात वाजायचे, पण खर्च आवाक्यात आला. आणि तेवढ्यात आप्पांना हवं होतं ते समोरून चालत आलं. कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याला, महिन्याच्या बोलीवर गाडी हवी होती. स्टेशनवरून पाहुण्यांना मिलमध्ये आणायचं, संध्याकाळी परत सोडायचं. मधला सगळा वेळ गाडीत बसून राहायचं. बसून! आप्पांनी ही बातमी सांगितली तेव्हा ते उभे होते आणि आनंदाने खाली बसायचंच विसरले. मिलच्या मॅनेजरची एकच अट होती. गाडीचा पुरा विमा हवा, नुसता समोरच्याच्या नुकसानीचा नको. साहेब लोक बसणार, उद्या काही झालं तर मिलच्या अंगावर यायला नको. कागद दाखवा आणि एक तारखेपासून गाडी लावा.

आप्पा लगेच शेडमध्ये गेले आणि मास्तरकी सोडून आले.

विम्याची कचेरी रिंग रोडला, पहिल्या मजल्यावर होती. मी सोबत गेले, कारण घरात गुजराती शाळेत शिकलेली मी एकटी. आईने मला नवा ड्रेस घालायला लावला. मी गुजरातीत 'वीमो' शब्दाची पूर्ण वाक्यं पाठ करून गेले होते. त्यांतलं एकही लागलं नाही, कारण आप्पांनी मला तोंड उघडू दिलं नाही.

टेबलामागचे साहेब पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी गाडीचं पुस्तक उघडलं. "पेट्रोल," ते वाचत म्हणाले.

"पेट्रोल हतुं!" आप्पा म्हणाले. "हवे डीझल छे! एन्जिन बदली नाख्युं!" आता डिझेल आहे, इंजिन बदलून टाकलं.

लूमच्या खडखडाटात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. आप्पांचा तो साधा, प्रेमाचा आवाज होता. बाकीच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघायला लागली. त्यांना वाटलं भांडण जुंपलं.

"काका, धीरे. हुं सांभळुं छुं," साहेब म्हणाले. हळू बोला, मला ऐकू येतंय.

"हां!" आप्पा तेवढ्याच जोरात म्हणाले.

"नवा एन्जिननो नंबर शुं छे?"

"एज नंबर!" तोच नंबर.

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "एज केवी रीते होय, काका?" तोच कसा असेल?

"कायम राख्यो छे," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बघ, बापाने काम कसं चोख केलंय.

साहेब उठले, खाली आले. त्यांच्या हातात एक पातळ कागद आणि पेन्सिल होती. विमा उतरवताना गाडीच्या नंबरांवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, म्हणजे अक्षरं कागदावर उमटतात. ते छाप कागदपत्रांना लावायचे असतात. आप्पांनी बॉनेट उघडलं. साहेबांनी पट्टीचा छाप घेतला. तो सुरेख उमटला. मग ते स्क्रूंकडे बघत राहिले. मग रुमालाने इंजिनचं अंग पुसलं, आणि पट्टीच्या जरा खाली लोखंडातच ठोकलेला दुसराच नंबर वर आला.

"अने आ शुं छे?" आणि हे काय आहे?

आप्पा वाकले. त्यांनी तो नंबर पहिल्यांदाच पाहिला असावा. पण ते गडबडले नाहीत. "ए तो एनो पहेलानो. हवे वापरता नथी." तो त्याचा आधीचा, आता वापरत नाही.

"काका," साहेब सावकाश म्हणाले, "तमे नंबर बदल्यो छे."

"नंबर नथी बदल्यो, साहेब!" रिंग रोडवरच्या रिक्षावाल्यांनीही वळून पाहिलं. "एन्जिन बदल्युं छे! नंबर तो एनो एज छे!"

साहेब माझ्याकडे वळले. "बेन, तमे भणेलां लागो छो. एमने समजावो."

शिकलेली मुलगी पुढे झाली. मी म्हटलं, "आप्पा, ते म्हणताहेत की इंजिन बदललं ते चालतं, पण नंबर तसाच ठेवला ते चालत नाही."

"उलटं समजलीस तू. परत विचार."

मी परत विचारलं. साहेबांनी परत तेच सांगितलं. इंजिन बदलायला बंदी नाही. नव्या इंजिनचा नंबर पासिंगच्या कचेरीत, म्हणजे आरटीओत, पुस्तकावर चढवून घ्यायचा, मग विम्याच्या कागदावर. एका इंजिनची पट्टी काढून दुसऱ्याला लावायची नाही. मी हे सगळं मराठीत सांगितलं.

"तुन्ही गुजराती कच्ची शे," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी स्वतः साहेबांना सतरा नंबरच्या लूमची सगळी हकीकत सांगितली. बदली कामगाराची सांगितली. हजेरीची सांगितली. साहेबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काका, आवुं चोरीनी गाडीमां करे छे." असं चोरीच्या गाडीत करतात.

एरवी आप्पांना हळू बोललेलं ऐकू येत नसे. हे आलं. त्यांची गुजराती संपली, हिंदी संपली आणि ते सरळ अहिराणीत म्हणाले, "मन्ही गाडी मी कसाले चोरसू?"

"शुं कहे छे?" साहेबांनी मला विचारलं.

"म्हणतात, माझीच गाडी मी कशाला चोरेन."

इथे हशा होतो. इथे मी पदर सोडते आणि खाली बसते.

साहेब वाईट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या घालायला माणूस मिळाला असता. त्यांनी आम्हाला वर नेऊन चहा पाजला. छाप घेतलेला कागद आमच्यादेखत फाडून टाकला. "हे मी लिहून ठेवलं तर तुम्ही अडकाल," असं गुजरातीत समजावून म्हणाले. "आधी पासिंगच्या कचेरीत नवा नंबर चढवून आणा, मग या. मी त्याच दिवशी विमा उतरवतो." आप्पांनी उठताना त्यांना दोन्ही हात जोडले. जिन्यात म्हणाले, "माणूस देव शे." पुढचे काही आठवडे ते या देवाच्या सांगण्यावरून वणवण हिंडले.

पासिंगच्या कचेरीत इंजिनचं बिल मागितलं. आम्ही भंगार बाजारात गेलो. इंजिन विकणारा म्हणाला, भंगारचं बिल कोणी मागतं का, भाजीचं मागता का तुम्ही? आप्पांनी फारच विनवलं तेव्हा त्याने एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडून दिलं. ते चिठोरं पासिंगच्या कचेरीत कोणी हातातसुद्धा धरलं नाही. मेटाडोर कोणाची होती, तिचं पुस्तक कुठे आहे, ते आणा म्हणाले. मेटाडोर तोपर्यंत पत्रा-पत्रा होऊन वितळली होती. मग इंजिन चोरीचं नसल्याचा पोलिसांचा दाखला आणा म्हणाले. चौकीतला जमादार म्हणाला, कुठली गाडी ते सांगा म्हणजे ती चोरीची नव्हती असं लिहितो. गाडीच माहीत नाही तर काय नव्हतं म्हणून लिहू? मला त्याचं म्हणणंही पटलं. त्या दिवसांत मला सगळ्यांचंच पटत होतं. जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि आमची गाडी मात्र जागची हलत नव्हती.

आप्पांनी ती पट्टी काढून टाकली. त्यांना वाटलं, तिचाच राग आहे ना सगळ्यांना, मग नको ती. गाडी तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने स्क्रूंची चार भोकं पाहिली आणि विचारलं, इथे काय होतं? आप्पांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून पट्टी काढली आणि समोर धरली. इन्स्पेक्टर एक पाऊल मागे सरकला. "हे मला दाखवू नका," तो म्हणाला. "मी पाहिलं तर मला लिहावं लागेल." सरकारी माणसं आप्पांना इतकं सांभाळून घेत होती की त्यांचं काम होणं शक्यच नव्हतं.

पासिंगच्या कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटला सगळं ठाऊक असायचं. त्याने मला बाजूला घेतलं. शिकलेली म्हणून मलाच. "पट्टी परत लावून टाका," तो हिंदीत म्हणाला. "दुसऱ्या कंपनीत जाऊ. साहेब माझा आहे. तो बॉनेट उघडणार नाही, पुस्तकात पेट्रोल आहे तर पेट्रोल. काकांना फक्त गप्प बसायला सांगा. तेवढं जमेल?"

मी आप्पांना सांगितलं. ते पायरीवर बसले होते, दोन्ही पाय लांब करून. चालून चालून घोटे सुजले होते.

"चोरी करी नही, ते चोरनामायक काबरं दपू?" ते म्हणाले. चोरी केली नाही, तर चोरासारखा लपू कशाला?

"लपायचं नाही आप्पा, नुसतं बोलायचं नाही."

"एकच शे ते."

घरी आईने हे ऐकलं आणि तिचा तोल गेला. "त्या साहेबाने पेट्रोल म्हटलं तेव्हा हो म्हटलं असतं तर जीभ झडली असती का तुमची? एक हो! मला बघायला आलात तेव्हा म्हटलात तेवढं मोठ्याने नको होतं, नुसती मान हलवायची होती!"

"मग उद्या गाडी ठोकली असती, आणि त्यांनी बॉनेट उघडलं असतं, तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा!"

"विमा त्याच्यासाठीच तर उतरवतात ना?" आप्पांनी विचारलं. टोमणा म्हणून नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आई कणीक मळायला आत गेली. परीक्षेत मला विम्यावरच्या प्रश्नाला चांगले मार्क पडले होते, पण त्यात हा प्रश्न नव्हता.

मिलच्या मॅनेजरने वाट पाहिली. माणूस भला होता. एक तारीख गेली तसं त्याने पंधरा तारीख म्हटलं, मग पुढची एक तारीख. मग निरोप आला की दुसरी गाडी ठेवली आहे, मास्तरांनी वाईट वाटून घेऊ नये. निरोप घेऊन त्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हरच आला होता. आईने त्यालाही चहा दिला. त्याची गाडी कुठली, कशावर चालते, असं आप्पांनी विचारलं. "डिझेलवर, काका," तो म्हणाला, "मेटाडोरचं इंजिन बसवलंय."  आप्पांनी दाराशी येऊन त्याच्या गाडीचा आवाज ऐकला, ती वळेपर्यंत.

विमा नसताना भाडं मारायचं नाही, असं आप्पांनी ठरवलं होतं. नवापूरकडची दोन लग्नं त्यांनी सोडली. बोलावणारे नातेवाईकच होते. ते म्हणाले, माज आलाय. गाडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी राहिली. गल्लीतल्या कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या. आप्पा रोज सकाळी ताडपत्री काढायचे, इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ स्टेअरिंगसमोर बसायचे, बंद करायचे आणि ताडपत्री घालायचे. डॉक्टर म्हणाले होते तसं खरोखर झालं. उभं राहणं थांबल्यावर पायांची सूज उतरली. आई म्हणाली, "बघा, बसून बरं वाटतंय." ती बोलून गेली खरी, पण मग ती धुणं घेऊन मागे गेली आणि आप्पा परत ताडपत्रीची दोरी आवळायला गेले.

शेवटी जुन्या गाड्यांचा एक दलाल गाडी बघायला आला. जाडजूड, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली, पुस्तक चाळलं. इंजिनबद्दल त्याने काही विचारलं नाही. ते सुरू करून ऐकलं, मान हलवली, झालं. डिझेल आहे हे त्याला आवाजावरून कळलंच; त्याला तेच हवं होतं. मग तो विम्याच्या कागदावर आला. कागद मुदत संपलेला होता.

"वीमो केम नथी उतराव्यो, काका?" त्याने विचारलं. विमा का नाही उतरवला?

मी आप्पांकडे बघितलं. आता लूम, आता बदली, आता हजेरी, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात भाषांतराची तयारीही करायला लागले.

"भुली गयो," आप्पा म्हणाले.

विसरलो. तेही हळू. इतक्या हळू की दलालाला ते परत विचारावं लागलं, आणि आप्पांना परत सांगावं लागलं.

दलाल हसला. "तमे मराठी लोको! गाडी लेवी छे, वीमो भुली जवो छे," असं म्हणत त्याने किल्ली त्याच्या जुडग्यात घातली. भाव त्याने त्या विसरण्यापोटी आणखी पाडला आणि आप्पांनी तोही ऐकून घेतला. आई आत होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिने मला कधी विचारलं नाही.

त्या दुपारी आप्पा शेडमध्ये गेले. मला म्हणाले, चल सोबत. कशाला ते सांगितलं नाही. तिथे तर सगळे आमचीच भाषा बोलणारे. मी दाराबाहेर उभी राहिले. आत लूम एवढ्या जोरात चालले होते की शेठ काय बोलले ते कळलं नाही. दिसलं एवढंच की शेठ स्टुलावर बसले होते, आप्पा समोर उभे होते, शेठनी एकदा मान आडवी हलवली आणि मग थोड्या वेळाने उभी.

मास्तरची जागा भरली होती. लूमवर माणूस हवा होता, रातपाळीला.

घरी आल्यावर आप्पांनी आईला एवढंच सांगितलं, "डबा काढी ठेव."

"दिवसपाळी मागायची होती ना," आई म्हणाली.

"मागी," आप्पा म्हणाले. मागितली होती.

आईने माळ्यावरून डबा काढला. त्याच्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं. ती ते बराच वेळ बोटांनी दाबून बघत बसली, आणि मग मला म्हणाली, "जाय व माय, दुकानमाईन नवं रबर लई ये. दुकान बंद होवाना पहिले."